तीन-तीन की चार-दोन?

ब्रिजचा डाव बसला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सहाच पानं बाहेर आहेत ना? मग तीन-तीन असणार!"

म्हणजे बघा, आपल्याकडे आणि भिडूकडे मिळून बदामची सात पानं. उरलेली सहा समोरच्या दोघांकडे. मनाला समान वाटणी आवडते, पण पत्त्यांना तसं काही बंधन नाही. तीन-तीनची शक्यता शंभरात साधारण 36, चार-दोनची 48! कारण सोपं आहे. सहा पानं तीन-तीन वाटायचे प्रकार 20, चार-दोनचे 30.

हा सगळा हिशोब फ्रेंच गणिती एमिल बोरेल यांनी बुद्धिबळपटू आंद्रे शेरों यांच्यासोबत 1940 साली पुस्तकात मांडला. हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने बोटीवर काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत जुळवली ती 1925 ची, म्हणजे खेळ तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा. त्याच 1940 मध्ये पॅरिस जर्मनांच्या हाती गेलं. पुढच्याच वर्षी सत्तरीतल्या बोरेलना अटक झाली. शक्यता मोजणाऱ्यालाही उद्याची हमी नव्हती...

मला वाटतं, या कोष्टकांचा खरा धडा तोच आहे. 36 आणि 48 हे आकडे काहीच माहीत नसतानाचे. एकाने बोलीत इस्पिकची पाच पानं दाखवली, की त्याच्या हातात बदामला जागा कमी उरते आणि आकडे बदलतात. म्हणून मी आधी बाकीची पानं खेळून मोजून घेतो. बदामचा निर्णय जमेल तितका उशिरा.

असो. तुम्ही काय करता?