पॉप-अप : उंबरठ्यावरच्या अडथळ्याचा इतिहास

१/
पनवेल हे पूर्वापार उतरण्याचे आणि पुढे निघण्याचे गाव. मुंबईहून पडावाने यायचे, बंदरात उतरायचे आणि बोरघाटाच्या वाटेने पुण्याकडे निघायचे, हा एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांचा परिपाठ होता. १८३० मध्ये घाटातील गाडीरस्ता खुला झाला. १८५२ मध्ये गावाला नगरपालिका मिळाली. आलेल्या वाटसरूला कोठे आणि किती थांबवावे, हा अशा गावाचा जुना प्रश्न. संकेतस्थळांपुढे तोच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला.

२/
२०१६ मध्ये तीन घटना पाठोपाठ घडल्या. १ ऑक्टोबरला पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली होती आणि पुढे स्वस्त डेटामुळे मोबाइल हाच असंख्य लोकांचा पहिला संगणक ठरला. त्याआधी, २३ ऑगस्टला, गूगलने जाहीर केले होते की, शोधातून आलेल्या मोबाइल वाचकासमोर मजकूर झाकणारे पॉप-अप उभे करणाऱ्या पानांचा क्रम घसरू शकेल. या नियमामागे सुमारे वीस वर्षांचा इतिहास होता.

३/
त्याची सुरुवात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत झाली. ‘ट्रायपॉड’ हे संकेतस्थळ लोकांना स्वतःची पाने फुकट उभारू देई आणि जाहिरातींवर चाले. एका मोठ्या मोटार कंपनीची जाहिरात अश्लील विषयाच्या पानावर झळकली आणि कंपनी अस्वस्थ झाली. जाहिरात दिसावी, पण त्या पानाशी तिचे नाते दिसू नये, यासाठी ईथन झुकरमन यांनी वेगळी खिडकी उघडणारा कोड लिहिला.

४/
जाहिरातदाराची अब्रू राखण्यासाठी निघालेली ही तोड लवकरच वाचकाच्या डोकेदुखीचे कारण झाली. प्रतिकारही सुरू झाला. २००० मध्ये ऑपेरा ब्राउझरने पॉप-अप रोखण्याची सोय दिली. २००३ मध्ये गूगलच्या टूलबारने, तर २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकसह इंटरनेट एक्सप्लोररने. २०१४ मध्ये झुकरमन यांनी ‘द अटलांटिक’मधील लेखात जाहीर क्षमा मागितली.

५/
तोवर पॉप-अपने रूप पालटले होते. नवी खिडकी न उघडता ते पानाच्याच अंगावर पडद्यासारखे पसरू लागले. ‘ईमेल द्या’, ‘ॲप उतरवा’, ‘सवलत घ्या’ अशा विनवण्या त्यावर असत. हा पडदा पानाचाच भाग असल्याने जुने अवरोधक त्यापुढे निष्प्रभ ठरले. मोठ्या पडद्यावर तो निदान बाजूला सारता येई. मोबाइलवर मात्र तो सारे पान गिळून टाकी आणि बंद करण्याची फुली बोटाखाली सापडत नसे.

६/
नियमाला आधार ठरावा असा एक प्रयोग गूगलने स्वतःवरच केला. गूगल प्लसच्या मोबाइल पानावर ॲप उतरवण्याचा आग्रह करणारा पूर्ण पडदा होता. ९ टक्के भेटींत लोकांनी ॲपचे बटण दाबले. ६९ टक्के भेटींत लोक पान सोडून निघून गेले. पडद्याऐवजी छोटी पट्टी लावताच मोबाइल संकेतस्थळाचे दैनंदिन वापरकर्ते १७ टक्क्यांनी वाढले, तर आयफोनवरील ॲपची उतरवणी केवळ २ टक्क्यांनी घटली. हे आकडे जुलै २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

७/
त्याच वर्षी ॲपच्या अशा पडद्यांवर निर्बंध आले आणि १० जानेवारी २०१७ पासून व्यापक नियम लागू झाला. त्याने तीन प्रकार दोषी ठरवले : येताच किंवा वाचता वाचता मुख्य मजकूर झाकणारे पॉप-अप, मजकुराआधी दूर करावा लागणारा स्वतंत्र पडदा, आणि पानाचा वरचा भागच पडद्यासारखा भासेल अशी रचना.

८/
सरसकट बंदी मात्र कधीच नव्हती. कायद्याने आवश्यक असलेली कुकी-संमती किंवा वयाची विचारणा, खासगी मजकुरासाठीचा लॉगिन-चौकट आणि सहज बंद होणारी, बेताची जागा घेणारी पट्टी यांना मुभा होती. नियम शोध-निकालातून पानावर येण्याच्या क्षणाचा होता. त्याच संकेतस्थळाच्या एका पानावरून दुसऱ्यावर जाताना दिसणाऱ्या विनंतीला तो लागू नव्हता. शिवाय हा शेकडो निकषांपैकी एक. उत्तम आणि नेमका मजकूर असलेले पान त्यानंतरही वर राहू शकत असे.

९/
काही हानी तांत्रिक चुकीतून होते. संमती घेण्यासाठी प्रत्येक पानावरील वाचकाला एकाच पानाकडे वळवले, तर शोधयंत्रालाही तेवढे एकच पान दिसते आणि बाकीची पाने निकालांतून गळतात. म्हणून विनंती मजकुरावर ठेवावी, मजकुराच्या जागी नव्हे. २०२१ पासून पानाची स्थिरताही मोजली जाते. उशिरा उगवून मजकूर खाली ढकलणारी पट्टी तेथे गुण गमावते. तिची जागा आधीच राखून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय.

१०/
येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. हा न्याय देणारी कंपनी स्वतः जाहिरातींवर मोठी झाली आहे. ९ जुलै २०१९ पासून तिचा क्रोम ब्राउझर जगभर त्रासदायक जाहिराती गाळू लागला. म्हणजे दुकानाचा क्रम ठरवणारा आणि दुकानात जाण्याची वाट राखणारा एकच झाला. भारतात सार्वजनिक संस्थेचा नियम २०२३ मध्ये आला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ फसव्या रचना निषिद्ध ठरवल्या आणि ग्राहकाला वारंवार पिडणे हीही त्यांतलीच एक मानली.

११/
या साऱ्याची झळ मोठ्या कंपन्यांपेक्षा छोट्या व्यावसायिकाला अधिक बसते. कर्नाळा अभयारण्याजवळच्या एखाद्या खानावळीचा विचार करावा. द्रुतगती मार्गावरून येणारे कुटुंब मोबाइलवर तिची वेळ शोधते आणि समोर सवलतीचा पडदा येतो. घरचे लोक तो बंद करत बसत नाहीत. पुढच्या निकालाला बोट लावतात. तीच सवलत वेळ आणि पत्त्याच्या खाली एका पट्टीत असती, तर ती वाचली गेली असती आणि शोध-निकालातील जागाही शाबूत राहिली असती.