वेळूची कांब

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. तिच्या आठव्या अध्यायातला २९९ वा श्लोक सांगतो की, बायको, मुलगा, दास, नोकर आणि सख्खा भाऊ यांनी चूक केली तर त्यांना दोरीने किंवा वेळूच्या कांबीने मारावे. पुढचा श्लोक जागाही नेमून देतो : पाठीवर मारा, डोक्यावर नको. या यादीपाशी मी दर वेळी थांबतो. मुलगा आणि दास एकाच ओळीत आहेत. मालकीचे असतात त्यांना मारता येते, एवढाच तिचा अर्थ.

आपल्या वस्त्यांत मार आला तो पोथीतून नव्हे. पोथी आपल्याला वाचू कोण देत होते? तो गावगाड्यातून आला. पोर पाणवठ्याला शिवले, कुणाच्या ओट्यावर चढले, तर गाव पोराला मारणार, प्रसंगी साऱ्या वस्तीला झोडपणार. म्हणून आईच आधी धपाटे घालायची. त्या धपाट्यात भय होते, तशी मायाही होती. पण पोर शिकले काय? पाणी आपले नाही, हेच. गावाचा धडा घरातच गिरवून घेतला गेला. गावाला काठी उचलावीही लागली नाही.

१९५६ च्या धर्मांतरानंतर मारामागची कारणे बदलली. शाळा बुडवली, पाढे चुकले. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलांना शिकवा, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा जागवा, त्यांच्यातला न्यूनगंड काढून टाका, असे सांगितले होते. छडीने न्यूनगंड कसा जातो, हे मला कुणीतरी समजावून द्यावे. ‘आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो’ असे आपले शिकलेले कार्यकर्ते अभिमानाने सांगतात. त्याच मारापायी शाळा सोडून गुरांमागे गेलेला पोरगा व्यासपीठावर येत नाही, म्हणून त्याची साक्ष होत नाही.

शाळेतला मार २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने निषिद्ध ठरवला. (अस्पृश्यता नष्ट करणारे संविधानातले कलमही १७ च!) तो कायदा घराच्या उंबऱ्याशी थांबतो. स्वीडनने १९७९ सालीच आईबापांच्या मारालाही बंदी घातली. आपल्याकडे बायकोला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने दाद मागता येऊ लागली. मुलाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या पालकाच्या कृतीला संरक्षण देणारे १८६० च्या दंडसंहितेतले कलम ८९ मात्र १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत कलम २७ होऊन बसले आहे.

दर २५ डिसेंबरला आपल्या सभांत मनूचे स्त्रीशूद्रांविषयीचे श्लोक वाचले जातात. हा श्लोक वाचलेला मी अजून ऐकलेला नाही.