महाडच्या पेठेची छायाचित्रे : एक ऐतिहासिक साधन

जुना कागद कसा पारखावा हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. मिती नसली तर कागद, शाई, मायना आणि अक्षराचे वळण यांवरून काळ ठरविता येतो. छायाचित्र हाती आले म्हणजे मात्र हीच दक्ष मंडळी सैल होतात. जे डोळ्यांस दिसते ते प्रत्यक्ष प्रमाण, अशी त्यांची समजूत असते. आमच्या मते छायाचित्र हे बहुतांशी अनुमानाचे क्षेत्र होय.

महाडच्या पेठेचे एखादे तारीख नसलेले चित्र घ्यावे. प्रथम छपरे पाहावीत. मंगळूर येथे बासेल मिशनने कौलांचा कारखाना १८६५ साली काढला. तेव्हा चपटी मंगळुरी कौले दिसली की चित्र त्यानंतरचे. कुंभाराच्या नळीच्या कौलांवरून असे काही ठरत नाही, कारण ती पुढेही दीर्घकाळ नांदली. पेठेबाहेर पोलादपूरच्या वाटेवर सावित्रीवरील दगडी कमानींचा पूल दिसला तर दोन्ही मर्यादा सापडतात : तो १९२८ सालचा, आणि २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. चित्र टपालाने गेलेले असेल तर शिक्क्याची तारीख ही टपालाची समजावी, चित्राची नव्हे. एकाच काचेवरून वर्षानुवर्षे प्रती निघत.

माणसांविषयी अधिक सावध असावे. आरंभीच्या काचांना प्रकाश घेण्यास काही सेकंद लागत, त्यामुळे चालती माणसे उमटत नसत. ओस दिसणारा रस्ता भर बाजाराच्या दिवशीचाही असू शकेल. अनुपलब्धि हे प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनी अट घातली आहे की, वस्तू दिसण्याजोगी असून दिसली नाही तरच तिचा अभाव सिद्ध होतो. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असे ठरत नाही.

चवदार तळ्याच्या रस्त्यास हा नियम विशेषच लागू आहे. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला, महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांस खुले केले, तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर अनुयायांसह तेथे जाईपर्यंत अस्पृश्यांस ते पाणी मिळत नव्हते. १९२५ सालचे चित्र घाट दाखवील, पाणी दाखवील, सभोवारची घरे दाखवील. पण काच कितीही चपळ असो, मनाई ही दिसण्याजोगी वस्तूच नव्हे. ती शोधावी लागते दाव्याच्या कागदांत. वादींनी सांगितलेली स्मरणातीत रूढी सिद्ध झाली नाही, असा निकाल उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. चित्रसंग्राहकांनी हे कागद चित्राशेजारी ठेवून वाचावेत.

जुलै २०२१ च्या महापुराचे पाणी याच पेठेतील घरांत शिरले. ज्यांच्याकडे अद्याप चित्रे आहेत त्यांनी ती पुठ्ठ्यावरून उपटू नयेत; पुढील बाजूइतकीच मागील बाजूचीही नक्कल करवावी, आणि चित्र कोणत्या घरातून आले तेही त्याच दिवशी लिहून ठेवावे.