बोरघाटातून पहिली सहल

मी ठाण्याहून, खोपटमधून बोलतेय.

आमच्या गटांच्या बैठकीत नेहमी कर्ज, हप्ता, व्याज आणि बँकेची कागदपत्रं एवढंच चालतं. मागच्या महिन्यात मात्र वेगळाच विषय निघाला. एका ताईंच्या मुलीने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. आल्प्स नावाचा युरोपातला मोठा डोंगर, त्यातून जाणारी लाल गाडी, उंच दगडी पूल, आणि पूल संपता संपता बोगदा. सगळ्या जणी बघत राहिल्या. मग आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "हे बघायला हा जन्म पुरायचा नाही. पण डोंगरातून जाणारी गाडी आपल्याकडे नाही का गं?"

आहे ना मावशी! ठाण्याला बसलं तर दोन-अडीच तासांत लोणावळ्याला उतरता येतं, आणि मधला सगळा घाट खिडकीतून बघता येतो.

या मावशी तीस वर्षं ठाण्यात राहतात. खोपटच्या स्टँडवरून एसटीने गावाला जातात, पण कशासाठी? लग्नाला, बाराव्याला, लेकीच्या बाळंतपणाला. नुसतं बघायला म्हणून त्या कुठेच गेलेल्या नाहीत. आपल्यापैकी कितीतरी जणींचं असंच आहे. म्हणून आम्ही ठरवलं, एक दिवसाची सहल करायची. ठाणे ते लोणावळा, रेल्वेने, सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

सहलीची माहिती काढता काढता मी या घाटातल्या रेल्वेचा इतिहास वाचला. तो वाचल्यावर वाटलं, हे कळल्याशिवाय त्या गाडीत बसायचं नाही. तोच आज तुम्हाला सांगते.

आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला आली, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. चौदा डबे, चारशे पाहुणे, आणि अंतर ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी रुळांनी ठाण्याची खाडी ओलांडली, मुंब्र्याजवळ डोंगर फोडला आणि गाडी कल्याणला गेली. १८५६ मध्ये ती खोपोलीपर्यंत पोचली. आणि तिथे थांबली, कारण पुढे सह्याद्री उभा होता.

वर देशावर कापूस पिकत होता. तो मुंबईच्या बंदरात आणायचा आणि तिथून विलायतेच्या गिरण्यांना पाठवायचा, ही इंग्रजांची गरज होती. घाटातून बैलगाडीचा रस्ता १८३० पासून होता, पण पावसात तिथे गाड्या अडकायच्या, बैल मरायचे, माल भिजायचा. म्हणून रेल्वे हवी होती. आपल्या सोयीसाठी त्यांनी हा घाट फोडला नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

दरम्यान वरच्या बाजूने पुणे ते खंडाळा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. म्हणजे खाली खोपोलीपर्यंत गाडी, वर खंडाळ्यापासून गाडी, आणि मध्ये घाट. मग मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस काय करायचा? खोपोलीला उतरायचा आणि पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून घाट चढायचा. खंडाळ्याला पुन्हा गाडी. जवळजवळ पाच वर्षं असंच चाललं. आज कर्जतहून खोपोलीला जी लोकल जाते, ती त्याच जुन्या मार्गाने जाते.

घाटाचं काम १८५६ च्या सुरुवातीला निघालं होतं. चढ साधारण २५ किलोमीटरचा, आणि तेवढ्यात गाडीला १८३१ फूट वर न्यायचं. काही ठिकाणी तर ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ. पायी चालताना तो काही वाटत नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं, तिथे हा चढ फार मोठा. २५ बोगदे खणायचे, दऱ्यांवर दगडी पूल बांधायचे. आज आहेत तशी यंत्रं नव्हती. हाताने पहार मारून खडकाला भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची आणि सुरुंग उडवायचा. काही कडे इतके सरळ होते, की माणसांना वरून दोराने खाली सोडावं लागायचं.

फुटलेला दगड आणि माती उचलायची कुणी? टोपलीत भरून, डोक्यावर चुंबळ ठेवून ती बायकांनी आणि पोरांनी वाहिली. माणसं कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन कामावर यायची. पुरुष पहार मारणार, बाई टोपली वाहणार, आणि तान्हं मूल जवळच कुठे झाडाला बांधलेल्या झोळीत. रोजगार हमीच्या कामावर किंवा वीटभट्टीवर गेलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी असायची. तेही तुम्हाला वेगळं सांगायला नको.

१८६१ मध्ये या घाटात एका वेळी ४२ हजारांवर माणसं राबत होती. एवढ्या माणसांना डोंगरात ना धड निवारा, ना उन्हाळ्यात पुरेसं पाणी. पटकीची साथ आली की झोपड्या रिकाम्या व्हायच्या. हजारो माणसं या घाटात मेली. काही सुरुंगाने, काही दरडीखाली, आणि सगळ्यात जास्त रोगराईने.

मजुरीचा घोळही होताच. पहिला कंत्राटदार फॅविएल नावाचा इंग्रज होता. त्याच्या हाताखाली दुसरे, त्यांच्या हाताखाली मुकादम. पैसा वरून खाली येता येता कमी व्हायचा, उशिरा मिळायचा. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा संयम सुटला. ते गोऱ्या देखरेखवाल्यांवर चालून गेले. त्याच वर्षी फॅविएलने काम सोडलं.

आणि मैत्रिणींनो, इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. काम सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या दुसऱ्या इंग्रजाला मिळालं. तो १८५९ च्या अखेरीला इथे आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिच्यासमोर दोन वाटा होत्या. बोटीत बसून माहेरच्या देशी परत जायचं, नाहीतर नवऱ्याने घेतलेलं काम पुरं करायचं. तिने कंत्राट आपल्याकडे घेतलं. रोजच्या कामावर अ‍ॅडमसन आणि क्लाउझर हे दोन इंजिनिअर होते, पण कंत्राट अ‍ॅलिस ट्रेडवेलचं होतं. त्या काळी विलायतेतही बाईच्या हाती इतकं मोठं काम क्वचितच असायचं. या कामाच्या फोटोंचा एक अल्बमही तिच्या नावाशी जोडलेला आहे. एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला झाला.

हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा एका ताईंनी लगेच विचारलं, "आणि टोपली वाहणाऱ्या बायकांची नावं?" ती मला कुठल्या पुस्तकात सापडली नाहीत. अ‍ॅलिसचं कौतुक आहेच. नवरा गेल्यावर धंदा सांभाळणाऱ्या बाया आपल्याही गटात आहेत, ते सोपं नसतं हे आपल्याला ठाऊक आहे. पण तिचं नाव राहिलं, कारण ते कागदावर होतं. ज्यांनी डोंगर डोक्यावरून वाहिला त्यांचं नाव कुणी कागदावर लिहिलंच नाही.

घाटातल्या लोकांनी एक आठवण मात्र आपल्या परीने जपली आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, घाटातच, शिंग्रोबाचं देऊळ आहे. लोक सांगतात, इंग्रज इंजिनिअरांना वाट सापडेना तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने त्यांना डोंगरातली वाट दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्याने स्वातंत्र्य मागितलं, आणि म्हणून त्याला गोळी घातली. याला कागदाचा पुरावा नाही, ही लोकांनी सांगितलेली गोष्ट आहे. पण ड्रायव्हर अजून तिथे हात जोडतात.

आता त्या व्हिडिओतल्या आल्प्सकडे येऊ. तिथला पहिला मोठा डोंगरी लोहमार्ग ऑस्ट्रियात सेमरिंग इथे १८५४ मध्ये पुरा झाला. म्हणजे आपला घाट त्यांच्यापेक्षा फक्त नऊ वर्षांनी धाकटा. तिथेही सुमारे २० हजार मजूर होते, तिथेही बायका होत्या, आणि तिथेही साथीच्या रोगांनी शेकडो माणसं गेली. आज सेमरिंगला जागतिक वारशाचा मान आहे, जगभरातून लोक बघायला येतात. आपण मात्र लोणावळ्याची चिक्की घेतो आणि बोगद्यात ओरडतो, एवढंच.

आता आम्ही सहल कशी आखली ते सांगते, म्हणजे तुमच्या गटालाही करता येईल.

पहिला प्रश्न पैशांचा आला. एक ताई म्हणाल्या, "गटाचा पैसा मुलांच्या फीला, दवाखान्याला. फिरायला कसा काढायचा?" बरोबर आहे. म्हणून बचतीला हात लावायचा नाही असं ठरलं. प्रत्येकीने महिन्याला पन्नास रुपये वेगळे काढायचे, वेगळ्या वहीत लिहायचे, सहा महिने. जिला एखाद्या महिन्यात जमणार नाही तिने पुढच्या महिन्यात भरायचे.

दुसरा प्रश्न, कुठे? माथेरानची छोटी गाडीही डोळ्यासमोर होती. १८५० मध्ये माथेरान इंग्रजांच्या नजरेला आणलं ते ठाण्याच्याच कलेक्टरने, मॅलेट साहेबाने. तिथली गाडी १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने सोळा लाख रुपये खर्चून सुरू केली. गाडी सुंदर आहे, पण जागा थोड्या, आणि पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते. पंधरा-वीस जणींना एकदम तिकीट मिळणं अवघड. म्हणून पहिली सहल लोणावळ्याची.

तिसरा प्रश्न, केव्हा? भर पावसात घाट हिरवागार असतो, पण दरडी पडून गाड्या खोळंबतात. म्हणून पाऊस सरता सरता जायचं, आणि सुट्टीचा दिवस टाळायचा. कुठली गाडी ठाण्याला थांबते आणि कुठली नाही, हे त्या आठवड्यात स्टेशनवर जाऊन विचारायचं. परतीची गाडी अंधार पडायच्या आत घरी पोचवणारी हवी.

चौथा प्रश्न बायकांचा खास आणि खरा. मावशींनी हळू आवाजात विचारला, "गाडीत जायची सोय असते का?" असते. आणि त्यालाही इतिहास आहे. १८९० च्या रेल्वे कायद्यात लिहिलं होतं, की प्रत्येक प्रवासी गाडीत सगळ्यात खालच्या वर्गातही एक कप्पा बायकांसाठी राखून ठेवायचा, आणि गाडी पन्नास मैलांहून लांब जाणार असेल तर त्या कप्प्यात संडास हवा. आजही बायकांच्या डब्यात पुरुषाने शिरणं हा गुन्हा आहे. कुणी त्रास दिला तर १३९ या रेल्वेच्या नंबरवर फोन करायचा. हा नंबर सगळ्या जणींनी फोनमध्ये घालून ठेवायचा. बायकांचा डबा म्हणजे मेहेरबानी नाही, तो कायद्याने आपला आहे.

गाडीत बसल्यावर काय बघायचं, तेही सांगते. कर्जतला बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात. मग पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल अशी नावं येतात. परत उतरताना गाडी घाटात मध्येच थांबली तर घाबरू नका. ब्रेक नीट लागतात ना, याची ती परीक्षा असते. ब्रेक न लागलेल्या गाडीला आडवळणाने चढावर घालून थांबवायचे वेगळे रूळही तिथे केलेले आहेत. पूर्वी खंडाळ्याजवळ गाडी एका टोकाला जाऊन थांबायची आणि इंजिन दुसऱ्या बाजूला लावून पुढचा चढ चढायची. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि विजेची इंजिनं आली, तेव्हा ते बंद झालं.

शेवटचा प्रश्न घरचा. "त्या दिवशी स्वयंपाक कोण करणार?" यावर बैठकीत बराच वेळ गेला. एकीने घरी अजून विचारलेलंच नाही. मी तिला एवढंच म्हटलं, विचारू नका, सांगा. आणि सहा महिने आधी सांगा.

आमच्या वहीत सध्या सतरा नावं आहेत. मावशींचं पहिलं. सहल झाली की कोण गेलं, किती खर्च आला, काय बघितलं, हे सगळं इतिवृत्तात लिहायचं आणि प्रत्येकीने त्याखाली स्वतः सही करायची, असं आम्ही ठरवलंय. तुमचा गट गेला तर तुम्हीही तसंच करा. त्या घाटात टोपली वाहून गेलेल्या बायकांची नावं आता मिळणार नाहीत. खिडकीशी बसून जाणाऱ्यांची तरी लिहिलेली असू देत.