विजेतेपदाचें रक्षण : डेंपो क्लबाचा 2007-08 चा हंगाम

फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगचें विजेतेपद मिळविणारे क्लब आपल्या देशांत बरेच झाले. तें लागलीच पुढल्या हंगामांत राखणारे मात्र विरळा. 1996 सालीं ही स्पर्धा सुरू झाल्यापासून 2007 पर्यंत हें केवळ कलकत्त्याच्या ईस्ट बंगाललाच, तेंही एकदांच, साधलें होतें. मोहन बगानसारख्या मातबर संघानें तीन वेळां पद जिंकलें, परंतु लागोपाठ एकदांही नाहीं.

गोव्याच्या डेंपो क्लबास याचा कटु अनुभव होताच. डिसेंबर 2004 मध्यें बंगळूर येथें फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यांत ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरनें दोन गोल करून संघास विजय मिळवून दिला आणि त्याच मैदानावर त्याचा अंत झाला. त्या दुःखांतून सांवरून आर्मांदो कुलासो यांच्या शिष्यांनीं त्याच हंगामांत लीग जिंकली. पण वर्षभरांत तें पद मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडे गेलें. 2006-07 मध्यें डेंपोनें तें परत मिळविलें, तेव्हां आतां तरी तें टिकणार काय, हा प्रश्न साहजिकच होता.

24 नोव्हेंबर 2007 रोजीं नव्या ‘आय-लीग’चा आरंभ झाला. दहा संघांपैकीं चार गोव्याचे : डेंपो, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग आणि साळगांवकर. अठरा सामन्यांतील सहा, म्हणजे तिसरा हिस्सा, डेंपोस घरच्याच प्रतिस्पर्ध्यांशीं खेळावयाचे होते. शेजाऱ्यास आपल्या खेळाचीं सारीं मर्में ठाऊक असतात. शिवाय फातोर्ड्याचें मैदान सगळ्यांच्याच परिचयाचें. परगांवच्या पाहुण्याची जी तारांबळ उडते, ती येथें कोणाची उडावी?

आणि झालेंही तसेंच. कलकत्त्याचे नामांकित संघ मागें पडले व शर्यत गोव्यांतच राहिली. चर्चिलच्या ओडाफा ओकोलीनें बावीस गोल करून सर्वांस मागें टाकलें. डेंपोकडे राँटी मार्टिन्स व बेटो हे परदेशी, तर समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा हे घरचे गडी. शेवटीं दोन्ही संघांचे गुण सारखेच, 36 भरले! केलेले गोल व झालेले गोल यांच्या वजाबाकीवर डेंपोचें पद राहिलें. तेव्हां बचावफळीचें श्रेय गोल करणाराहून तिळभरही कमी मानतां येणार नाहीं.

त्याच हंगामांत, 1998-99 सालचा विजेता असलेला साळगांवकर संघ मात्र खालच्या श्रेणींत गेला. डेंपोनें 2008 च्या आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषकांत उपांत्य फेरी गांठली. तेथें लेबाननच्या अल-सफा संघानें त्यांस अडविलें. 2008-09 चें लीगपद तर चर्चिल ब्रदर्सनींच नेलें.