पाटीपासून संगणकापर्यंत : हुगळीकाठची परीक्षेची कथा

बराकपूरच्या धोबीघाटावरून होडीत बसले की थोड्याच वेळात आपण पलीकडे श्रीरामपूरला उतरतो. आपल्यापैकी अनेकांनी हा प्रवास कित्येकदा केला असेल. पण त्या काठाचे आणि आपल्या मायमराठीचे नाते फार थोड्यांना ठाऊक असते. १८०५ साली विल्यम कॅरी यांनी लिहिलेले मराठीचे व्याकरण श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडले आणि १८१० साली त्यांचा मराठी कोश तेथेच मोडी टाइपात छापला गेला. त्या वेळी पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती. मग मराठीचे व्याकरण पुण्याहून इतक्या दूर, गंगेच्या काठी छापण्याची कोणाला गरज पडली? उत्तर थोडे गमतीचे आहे. ती गरज परीक्षेतून आली.

लॉर्ड वेलस्ली यांनी १८०० साली कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले. बराकपूरला गव्हर्नर जनरलचे उद्यान आणि निवासस्थान उभारायला सुरुवात करणारे हेच ते वेलस्ली. विलायतेतून आलेल्या कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना येथील भाषा शिकवणे हा कॉलेजचा उद्देश होता. कॅरी तेथे आधी बंगालीचे आणि पुढे संस्कृत व मराठीचेही अध्यापक झाले. ते राहायचे श्रीरामपूरला आणि शिकवायला कलकत्त्याला जायचे. मराठीत त्यांना साहाय्य होते वैजनाथ पंडितांचे. या पंडितांची ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ साली आणि ‘हितोपदेश’ १८१५ साली श्रीरामपूरलाच छापले गेले. म्हणजे मराठी गद्याची अगदी आरंभीची काही छापील पुस्तके ही एका अर्थाने पाठ्यपुस्तकेच होती आणि त्यांचे वाचक होते परीक्षेला बसणारे साहेब.

या कॉलेजात परीक्षा लेखी होई, तोंडी होई, आणि शिवाय दरवर्षी मोठ्या समारंभाने जाहीर वादविवाद होत. एक विषय मांडायचा, एका विद्यार्थ्याने तो देशी भाषेत सिद्ध करायचा, दुसऱ्यांनी खोडायचा आणि अध्यापकाने मध्यस्थी करायची. यशस्वी विद्यार्थ्यांना पदके आणि रोख बक्षिसे मिळत. कोण कितव्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला त्याच्या याद्या छापल्या जात. लेखन, वाचन, बोलणे अशा तिन्ही अंगांनी विद्यार्थी पारखायचा, ही पद्धत आजही कोणाला जुनाट वाटणार नाही. मात्र भरदरबारात ठरलेल्या विषयावर बोलणारा साहेब एखाद्या रयतेची तक्रार ऐकून समजू शकेल का, हे त्या परीक्षेतून कळत नव्हते. परीक्षेत जे विचारले जाते तेवढेच मोजले जाते, ही अडचण तेव्हापासूनची आहे.

याच काळात आपल्याकडे पंतोजींच्या शाळा होत्या. मुलाने धुळाक्षरे गिरवायची, मग बाराखडी, मग मोडी वाचन, पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दीडकी. संध्याकाळी परवचा म्हणायचा. तेथे वर्षअखेरची परीक्षा नव्हती, कारण परीक्षा रोजच होती. एक धडा पक्का झाल्याशिवाय दुसरा मिळत नसे. वीस मुलांत वीस मुले वेगवेगळ्या पायरीवर असली तरी कोणी ‘नापास’ नसे. वरच्या दर्जाच्या विद्वत्तेसाठी शलाकापरीक्षेची परंपरा सांगितली जाते. पोथीत सळई खुपसायची आणि ती ज्या पानावर थांबेल त्या पानाचे विवरण विद्यार्थ्याने करून दाखवायचे. मिथिला आणि नवद्वीप येथील न्यायशास्त्राच्या पंडितांच्या कथांत हिचा उल्लेख वारंवार येतो. कोणते पान निघेल ते कोणालाच माहीत नाही, तेव्हा ‘अपेक्षित प्रश्नसंच’ घोकण्याची सोयच नाही! पुण्यात श्रावणात दक्षिणा वाटली जाई, तेव्हाही शास्त्रीमंडळी विद्वानांची परीक्षा घेत आणि तिच्यावरून रक्कम ठरे.

या जुन्या पद्धतीचे गोडवे गाताना तिचा मोठा दोष मात्र झाकू नये. ती मूठभरांसाठी होती. मुलींना आणि समाजातल्या मोठ्या वर्गाला तेथे प्रवेशच नव्हता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून पुण्यात मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलांसाठी शाळा काढल्या. १८५० नंतरच्या काही वर्षांत त्यांच्या शाळांतील मुलींची परीक्षा लोकांसमोर, मोठ्या गर्दीत घेतली गेली. मुलींना विद्या येत नाही असे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत मुली उत्तरे देत होत्या. त्या दिवशी परीक्षा खरी तर मुलींची नव्हती, बघणाऱ्या समाजाची होती.

आपल्या परिसरात परत येऊ. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८१६ च्या सुमारास आसपासच्या गावांत बंगाली शाळांचे जाळे उभारले. कॅरींचे सहकारी जोशुआ मार्शमन यांनी त्या शाळा कशा चालवाव्यात यावर त्याच वर्षी एक पुस्तिका काढली. मोठ्या मुलाने वाक्य सांगायचे, लहानांनी ते लिहायचे आणि मग वाचून दाखवायचे. शुद्धलेखन, वाचन आणि भूगोल-विज्ञानाची माहिती एकाच कामात, आणि तपासणीही तिथल्या तिथे. १८३७ साली लॉर्ड ऑकलंड यांनी बराकपूरच्या उद्यानात शाळा सुरू केली. आजच्या बराकपूर गव्हर्न्मेंट हायस्कूलचा उगम तोच. त्याच सुमारास, १८३५ ते १८३८ या काळात, विल्यम अॅडम यांनी बंगाल-बिहारमधील शिक्षणाची पाहणी केली. हेही मुळात श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांपैकीच. त्यांनी केवळ शाळा मोजल्या नाहीत. निवडलेल्या भागात कोणाला उच्च विद्या येते, कोणाला लिहितावाचता येते आणि कोणाला नुसती सही करता येते, अशी माणसांची वर्गवारी केली. शाळेत नाव असणे आणि शिक्षण होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

मग आले १८५७ साल. मार्च महिन्याच्या २९ तारखेला बराकपूरच्या परेडच्या मैदानावर मंगल पांडे यांनी बंदूक उचलली, हे आपण सारे जाणतो. त्याच मार्च महिन्यात कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये नव्या विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा झाली आणि तिला २४४ विद्यार्थी बसले. पुढच्या वर्षी पहिली बी. ए. ची परीक्षा झाली. त्यात दोघेच उत्तीर्ण ठरले : जदुनाथ बोस आणि बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. बंकिमबाबू आपल्या जवळच्या नैहाटीचे. पण ते कसे उत्तीर्ण झाले? सहापैकी पाच विषयांत दोघेही पास होते. एका विषयात कमी पडले, तेही जास्तीत जास्त सात गुणांनी. विद्यापीठाने ते गुण कृपेने भरून दिले. ‘वंदे मातरम्’ लिहिणारा माणूस कृपागुणांवर पदवीधर झाला, हे दहावीच्या निकालादिवशी तोंड लपवणाऱ्या मुलांना अवश्य सांगावे. आपल्या मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली आणि १८६२ साली न्या. रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे तेथील पहिल्या पदवीधरांत होते.

छापील प्रश्नपत्रिका, ठरलेले तास आणि अनोळखी परीक्षक हे त्या काळचे नवे तंत्रज्ञानच होते. त्यामुळे पंतोजींची मर्जी आणि घराण्याचे वजन बाजूला पडले, हा त्याचा मोठा लाभ. पण गुण म्हणजे तराजूतले वजन असा समज मात्र रूढ झाला. त्या समजाला धक्का देणारे कामही बी. टी. रोडच्या टोकाशीच झाले. १९१७ साली आचार्य ब्रजेंद्रनाथ सील कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षा सुधारण्याच्या कामात होते. त्यांनी परीक्षांच्या नोंदींची छाननी करण्यासाठी एका तरुण भौतिकशास्त्रज्ञाची मदत मागितली. ते होते प्रशांतचंद्र महालनोबिस. संख्याशास्त्र वापरून पाहण्याची त्यांची ही पहिली संधी मानली जाते. याच प्रशांतबाबूंनी १९३१ साली इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची स्थापना केली. आज ती बराकपूर ट्रंक रोडवर बरानगरला आहे. बसमधून जाताना आपण तिच्या दारावरून जातो. देशातल्या अगदी पहिल्या संगणकांपैकी एक १९५० च्या दशकात याच संस्थेत बसला.

गुणांवर किती विसंबावे याचा एक प्रसिद्ध प्रयोग फिलिप हार्टोग यांनी केला. हे १९१७ ते १९१९ च्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे सदस्य होते आणि पुढे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९३५ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ऱ्होड्स यांच्याबरोबर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका होत्या. सगळ्यांना पूर्वी एकसारखेच गुण पडलेले. त्या १५ परीक्षकांना तपासायला दिल्या, तेव्हा गुण २१ पासून ७० पर्यंत पसरले. वर्ष-दीड वर्षाने त्याच परीक्षकांपैकी १४ जणांना त्याच उत्तरपत्रिका पुन्हा दिल्या, तर २१० पैकी ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच निर्णय फिरवला!

यावर उपाय म्हणून यंत्र पुढे आले. १९३८ साली आय.बी.एम. कंपनीने उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र बाजारात आणले. ते शोधले होते एका शाळामास्तरांनी. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, एवढ्या साध्या गुणधर्मावर ते चालत असे. पुढे प्रकाशाने खुणा ओळखणारी यंत्रे आली. गोल काळे करण्याच्या त्या उत्तरपत्रिका आज प्रत्येक घरात परिचयाच्या आहेत. ‘कॅट’ परीक्षा २००९ पासून संगणकावर होऊ लागली, नंतर अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षाही त्याच वाटेने गेली. यंत्राला मूड नसतो, ओळखीपाळखी नसतात, लाखो उत्तरे ते न थकता तपासते. पण चारांपैकी एक निवडता येईल एवढेच ते प्रामुख्याने विचारते. मुलाने उत्तर कसे शोधले, तो कुठे अडखळला, हे त्याला दिसत नाही. ते पंतोजींना दिसत होते.

या दोन टोकांचा मेळ घालणारे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातून पुढे आले आहे. मुंबईत माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी सुरू केलेल्या ‘प्रथम’ संस्थेने २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी सुरू केली. कार्यकर्ता गावात घरोघरी जातो, मुलाच्या शेजारी बसतो आणि त्याच्यापुढे एक कागद ठेवतो. त्यावर अक्षरे, शब्द, छोटा उतारा आणि एक गोष्ट. मूल जिथवर वाचते, ती त्याची पायरी. पद्धत पंतोजींची, पण नमुना निवडणे आणि लाखो नोंदींची बेरीज मांडणे संख्याशास्त्राचे आणि संगणकाचे. या साध्या कागदाने देशाला जागे केले. ग्रामीण भागात पाचवीतील निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, हे त्यातून पुन्हापुन्हा दिसले. हजेरीपटावर ही मुले होती, वरच्या वर्गात जातही होती. शिकत आहेत का, हे मात्र कोणी शेजारी बसून विचारले नव्हते.

हा सारा इतिहास मी स्मरणिकेत का लिहितो आहे? कारण हाच प्रश्न आपल्या घरात आहे. नोकरीच्या निमित्ताने आपण येथे आलो, रमलो. आपली मुले घरी मराठी, गल्लीत बंगाली, शाळेत हिंदी-इंग्रजी बोलतात, याचे कौतुकच आहे. आपल्या मंडपातील पाठांतर स्पर्धेचे काम मी काही वर्षे पाहतो आहे. मुले मनाचे श्लोक खणखणीत म्हणतात, टाळ्या आणि बक्षिसे मिळवतात. पण त्यांच्या हातातले चिटोरे पाहिले तर अनेकदा श्लोक इंग्रजी अक्षरांत उतरवलेले असतात. स्पर्धेत पाठांतर मोजले जाते, म्हणून पाठांतर येते. वाचन आपण मोजतच नाही, आणि ते हळूहळू हातातून निसटते आहे. ज्या काठावर परक्या साहेबांसाठी मराठीचे व्याकरण छापले गेले, त्याच्या समोरच्या काठावर मराठी घरातल्या मुलाला आजीचे पत्र वाचता येऊ नये, हे मनाला लागते.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. पुढील उत्सवापासून पाठांतराच्या जोडीला एक छोटी वाचनाची बैठक ठेवावी. गोष्टीच्या पुस्तकाचे कोणतेही पान उघडायचे, आपली घरगुती शलाकापरीक्षाच म्हणा ना! मुलाने ते कोणा आजी-आजोबांशेजारी बसून वाचायचे आणि काय समजले ते आपल्या शब्दांत सांगायचे. क्रमांक नको, बक्षीस नको. मात्र आई-वडिलांनी ते वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून जपून ठेवावे आणि पुढच्या वर्षी त्याच मुलाचे नवे वाचन त्याच्या शेजारी ठेवून ऐकावे. तुलना शेजारच्या मुलाशी नाही, स्वतःच्या कालच्या आवाजाशी. जो अडखळेल त्याला आपल्यातल्या कोणी तरी रविवारी तासभर द्यावा. घरोघरी जुने दिवाळी अंक आणि बालसाहित्य पडून असते, तेही यानिमित्ताने कामी येईल.

गणराय ही विद्येची देवता. तिच्यासमोर मुलांनी पाठ म्हटलेले आपण आनंदाने ऐकतोच. आता त्यांनी वाचून दाखवलेलेही ऐकू या. कार्यकारिणीने या सूचनेचा विचार करावा आणि ज्यांना या कामी वेळ देता येईल त्यांनी मंडपात येऊन नाव नोंदवावे, ही नम्र विनंती.