तवा, काठवट आणि केरसुणी : मराठा छावणीतील स्वयंपाक व स्वच्छतेच्या साधनांचा एक विचार

प्रस्तावना

मराठ्यांच्या लष्करी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने किल्ले, घोडदळ, तोफखाना आणि सेनानी यांच्याभोवती फिरत राहिले आहे. फौज काय खात होती याचा उल्लेख रसदेच्या संदर्भात येतो. परंतु ती कशावर शिजवीत होती, शिजवलेली भांडी कशाने घाशीत होती आणि तळ उठण्यापूर्वी व नंतर तेथील केर कोण काढीत होते, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. वास्तविक, ज्या फौजेचे सामर्थ्य तिच्या वेगात होते, तिच्या बाबतीत एका तव्याचे वजनही लष्करी महत्त्वाचे ठरते. प्रस्तुत लेखात सतराव्या व अठराव्या शतकांतील मराठा छावणीत स्वयंपाकाची व स्वच्छतेची साधने कोणत्या कारणांनी निवडली गेली आणि त्या निवडीचा भार कोणावर पडला, याचा विचार केला आहे.

या विषयाला हात घालताना एका सुप्रसिद्ध पत्राचा आधार प्रथम घ्यावा लागतो. राज्याभिषेकाच्या (इ. स. १६७४) आगेमागे चिपळूण परिसरातील लष्कराच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांकडून गेलेले पत्र रयतेविषयीच्या कळकळीसाठी वारंवार उद्धृत केले जाते. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व गवत आताच उधळले, तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग शिपाई कुणब्यांच्या घरी शिरून कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, तर कोणी भाजी आणू लागेल आणि मोगलांपेक्षा तुम्हीच अधिक त्रासदायक, असे रयतेला वाटेल, हा त्याचा आशय सर्वपरिचित आहे. त्याच पत्राचा दुसरा भाग मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. गवताच्या गंजीजवळ चुली पेटवू नयेत, तंबाखू ओढताना निष्काळजीपणा करू नये, रात्री दिवा जळत ठेवून झोपू नये, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारी छावणी जळेल, असे बारकावे त्यात आहेत. एका राज्यकर्त्याने उंदराने वात नेण्याची शक्यता लेखी आज्ञेत नोंदवावी, ही गोष्ट छावणीच्या दैनंदिन जीवनाच्या किती जवळून झालेल्या परिचयाची निदर्शक आहे! चूल, सरपण, गवत आणि दिवा हे या पत्रात एकाच व्यवस्थेचे भाग म्हणून येतात. छावणीतील साधनांचा विचारही तसाच, एकत्रितपणे करणे आवश्यक ठरते.

भाकरीची साधने

दख्खनच्या पठारावरील शिपायाचे मुख्य अन्न ज्वारी-बाजरीची भाकरी होते. साधनांच्या दृष्टीने भाकरीचे वैशिष्ट्य असे की, तिला फारच थोडे लागते. पोळीला पोलपाट-लाटणे हवे. भाकरी हातावर किंवा काठवटीत थापता येते. तिला तेल-तूप लागत नाही, पीठ मुरवत ठेवावे लागत नाही. तीन दगडांची चूल कोणत्याही माळावर मांडता येते. तवा तेवढा पाहिजे. तव्यावर भाकरीला पाण्याचा हात फिरवून ती उलटली आणि मग निखाऱ्यावर धरली की काम झाले. एका दिवशी केलेली भाकरी कोरड्यासाबरोबर दुसऱ्या दिवशीही चालते, त्यामुळे कूच करावयाच्या दिवशी चूल न पेटविताही भागत असे. चुलीचा धूर दूरवरून दिसतो, ही बाबही गनिमी काव्याच्या फौजेला विसरून चालण्यासारखी नव्हती.

तव्याच्या बाबतीत खापराचा व लोखंडाचा असे दोन पर्याय उपलब्ध होते. खापराचा तवा स्वस्त आणि कोणत्याही गावच्या कुंभाराकडे मिळणारा. त्यावरची भाकरी चांगली होते, असे मानणारेही पुष्कळ आहेत. परंतु खोगिराला बांधून दहा कोस नेला की तो शाबूत राहण्याची खात्री नाही. लोखंडी तवा जड असला तरी फुटत नाही, वापराने अधिकच चांगला होतो आणि त्याला कल्हई लागत नाही. काठवटीचेही असेच आहे. लाकडाची असल्याने ती आपटली तरी पोचत नाही. तिच्यात पीठ मळता येते, भाकरी थापता येते आणि वेळ पडल्यास तीच ताट म्हणून पुढे घेता येते. तांब्या आणि त्याला बांधण्यापुरता दोर जवळ असला, की विहिरीचे पाणीही मिळते. घोड्याच्या तोंडाला बांधावयाचा तोबरा धरला, तर स्वार आणि घोडा या दोघांचा संसार एवढ्यात आटोपतो.

बाजीराव पेशवे घोड्यावर बसल्या बसल्या कणसे चोळून खात, ही आख्यायिका या साधेपणाचे प्रतीक बनली आहे. ती सुंदर असली तरी तिच्यावर फार भार टाकता येत नाही. हुरडा हंगामी असतो आणि तो कोणाच्या तरी शेतातलाच असतो. पेंढाऱ्यांविषयी सर जॉन माल्कम याने आपल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात (१८२३) लिहिले आहे, की ते तंबू किंवा सामानसुमान बाळगीत नसत. प्रत्येक स्वाराजवळ स्वतःपुरत्या काही भाकऱ्या आणि घोड्यापुरता थोडा दाणा असे. बाकीचे सारे वाटेवरच्या गावांतून येत असे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. हलके सामान आणि स्वावलंबन या दोन गोष्टी एकच समजण्याची चूक मराठ्यांच्या युद्धपद्धतीचे गौरवाने वर्णन करणाऱ्या लेखनात अनेकदा आढळते. ज्याच्याजवळ सरपण नाही, तो कोणाचे तरी कुंपण मोडतो. चिपळूणच्या पत्रातील कोणी भाकर, कोणी सरपण, कोणी भाजी ही यादी म्हणजे हलक्या फौजेच्या गरजांचीच यादी आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

कल्हई, राख आणि चिंच

सरदारांच्या मुदपाकखान्याची गोष्ट निराळी होती. 'मुदपाक' हा शब्दच मोठा मजेदार आहे. मूळ अरबी 'मतबख'चे 'मुदबख' झाले आणि पुढे मराठीने त्यात 'पाक' शोधून त्याला आपलेसे केले. येथे भात, आमटी, भाज्या व पक्वान्ने शिजत आणि त्यासाठी तांब्या-पितळेची मोठी पातेली लागत. तांबे लवकर तापते, उष्णता सर्वत्र सारखी पसरविते आणि त्यामुळे सरपण वाचते. परंतु आंबट पदार्थ त्यात कळकतो. म्हणून आतून कथलाचा मुलामा, म्हणजे कल्हई, अपरिहार्य ठरते. कल्हईसाठी कथील, नवसागर, भाता आणि कसबी हात ही चारही हवीत. याचा अर्थ असा, की तांब्याचे पातेले निवडताच त्याच्यामागे एक कारागीर आणि त्याचे सामानही फौजेबरोबर येते. अबुल फज़लच्या 'आईन-इ-अकबरी'त बादशहाच्या वापरातील तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा, तर शाहजादे व अंतःपुर यांच्या भांड्यांना एकदा कल्हई होत असल्याची नोंद आहे. वैभवाचे हे माप कल्हईवाल्याच्या भात्यावरही मोजता येते.

भांडी घासण्याच्या साधनांत छावणी आणि घर यांच्यात फारसा फरक नव्हता. चुलीतील राख, जवळची माती, नारळाची शेंडी किंवा गवताची चुंबळ आणि तांब्यासाठी चिंच एवढ्यावर काम भागे. राखेतील क्षार तेलकटपणा काढतो आणि चिंचेतील आम्ल तांब्यावरील डाग काढते. तांबे, लोखंड, कासे, पितळ इत्यादींची शुद्धी क्षार, आम्ल व पाणी यांनी करावी, असा निर्देश मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही येतो. तेथे प्रश्न शुद्धाशुद्धतेचा आहे; परंतु घासणाऱ्याच्या हाताला त्यामागचे रसायन आधीपासूनच ठाऊक असावे. या पद्धतीची खरी सोय अशी की, साफसफाईचे साधन वेगळे वाहून न्यावे लागत नाही. ज्या चुलीने भांडे काळे केले, तीच ते उजळण्याची राख देते.

मात्र याच ठिकाणी जातिव्यवस्था आड येते. एकत्र शिजवून एकत्र जेवण्याची प्रथा नसल्यामुळे जितके जेवणारे गट, तितक्या चुली आणि तितकेच तवे. पानिपतावर रात्री मराठ्यांच्या छावणीत दिसणाऱ्या असंख्य चुली पाहून अब्दालीने त्यांच्यातील फूट ओळखली, ही लोकप्रिय कथा पुरावा म्हणून वापरता येत नाही. तथापि, वेगवेगळ्या चुलींना सरपण अधिक लागते, हे समजण्यासाठी अब्दालीची गरज नाही.

बुणगे

मोगल छावणी हा या विषयातील दुसरा ध्रुव होय. बादशाही डेरा हलविण्यासाठी १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत, असे 'आईन'मध्ये म्हटले आहे. त्याबरोबर एक हजार फरास, १०० भिस्ती आणि १५० झाडूवाले असत. हे आकडे बादशाही इतमामाचे असल्याने त्यांना थोडी सूट द्यावी लागेल. तरीही झाडणाऱ्यांची संख्या अधिकृत नोंदीत आली, हे महत्त्वाचे आहे. अठराव्या शतकात मराठ्यांची फौज याच दिशेने सरकत गेली. शिवकालीन मोहिमेत बायका, बटकी व कलावंतिणी नेण्यास सक्त मनाई होती, असे सभासद सांगतो. १७६० च्या मार्च महिन्यात पटदुराहून निघालेल्या सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर मात्र कुटुंबे होती, यात्रेकरू होते, बाजार होता. सुमारे अडीच महिने ही छावणी पानिपतास एकाच जागी अडकून पडली. डिसेंबर १७६० मध्ये रसद पुरविणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर दाणा, वैरण आणि सरपण या तिन्हींची टंचाई पराकोटीला गेली. ज्या फौजेची सारी रीत रोज नवे माळरान, नवे पाणी आणि नवे सरपण गृहीत धरीत होती, ती एकाच जागी खिळल्यावर तिच्या स्वच्छतेची व्यवस्थाही कोलमडणे अटळ होते. राख आणि माती यांनी भांडी स्वच्छ होतात. हजारो माणसांचा व जनावरांचा तळ स्वच्छ होत नाही.

या पराभवाची मीमांसा करताना 'बाजारबुणग्यांना' दोष देण्याची प्रथा पडली. त्यात तथ्य नाही असे नाही; लढणाऱ्यांपेक्षा खाणारी तोंडे अधिक झाली होती. परंतु बुणगे म्हणजे कोण, हे पाहिले पाहिजे. पाणी भरणारे, लाकूडफाटा गोळा करणारे, दळणारे, भांडी घासणारे, तंबू ठोकणारे आणि केर काढणारे यांचीच ती संज्ञा आहे. सरदाराने तांब्याची पातेली आणि डेरे निवडले, तेव्हाच त्याने ही माणसेही निवडली होती. हलकी फौज आपला भार गावावर टाकते आणि जड फौज तो बुणग्यांवर टाकते. इतिहासलेखनात पहिली गौरवास पात्र ठरली, दुसरीचे सेवक शिवीचे धनी झाले. वाहणारे हात दोन्हीकडे कागदाबाहेरच राहिले. चिपळूणच्या पत्राचे मोल यासाठी अधिक आहे, की तेथे हा भार कुणब्याच्या घरापर्यंत जाताना लिहिणाऱ्याला स्पष्ट दिसतो.

केरसुणी

छावणी तात्पुरती, तर गड कायमचा. गडावर केर मागे टाकून पुढे जाण्याची सोय नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त (इ. स. १७१५ च्या सुमारास) या प्रश्नाची दखल घेतलेली दिसते. गडावरील वाटांवर व तटांवर केरकचरा पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली न लोटता जागच्या जागी जाळावा, आणि ती राख परसात टाकून घरोघर भाजीपाला करावा, असा त्याचा आशय आहे. केर गडाखाली लोटल्यास पायथ्याच्या वस्तीला व पाण्याला उपद्रव होतो. तो जाळल्यास राख मिळते, राखेने परस पिकतो आणि परसात भाजी झाली की ती खालून आणावी लागत नाही. वेढा पडलेल्या गडाच्या दृष्टीने या भाजीचे महत्त्व सांगावयास नको. शिपायाने कुणब्याच्या घरून भाजी आणू नये, ही चिपळूणच्या पत्रातील चिंता आणि आज्ञापत्रातील परसबाग यांच्यात सुमारे ४० वर्षांचे अंतर आहे. परंतु दोहोंचा प्रश्न एकच आहे आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचे एक व्यवहार्य उत्तर मिळते.

ही राख ज्या केरापासून व्हावयाची, तो गोळा करणारी केरसुणी शिंदीच्या पानांची. बलुतेपद्धतीत ती आणि विहिरीचे दोर पुरविण्याचे काम मांगांकडे असे. गडावर लागणारे लाकूड व गवत परिसरातील गावांतून येई आणि त्याचा मोठा भाग वेठबेगारीचा असे; त्यात महारांचा वाटा लक्षणीय होता. म्हणजे तवा लोहाराचा, काठवट सुताराची, पातेले तांबटाचे, सरपण वेठीचे आणि केरसुणी मांगाची, अशी गडावरच्या व तळावरच्या एका चुलीमागची मांडणी दिसते. आश्विन अमावास्येला लक्ष्मी म्हणून पूजा होते ती याच केरसुणीची; ती वळणाऱ्याचे घर मात्र गावकुसाबाहेर होते. केर झाडावा, जाळावा आणि राख परसात टाकावी, हे आज्ञापत्र नेमकेपणाने सांगते. झाडणारा कोण, हे सांगण्याची आवश्यकता त्या काळी कोणाला वाटली नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होते.